आत्याबाईंना वळसा

रफूमावशींना सायकल येत होती, पण रस्ता येत नव्हता. हे कोणी त्यांच्या तोंडावर म्हटलं असतं, तर हातातली कात्री खाली ठेवून त्यांनी त्याचा असा समाचार घेतला असता की बिचारा पुन्हा धुलाईघराच्या दारात दिसला नसता. पण खरं ते खरं. इतकी वर्षं त्या रोज सायकलवरून कामाला गेल्या. उन्हात गेल्या, पावसात गेल्या, पुलावरच्या आडव्या वाऱ्याशी भांडत गेल्या. तरीही पाण्याच्या टाकीपासून पुलापर्यंत डाव्या हाताला काय काय लागतं, असं कोणी विचारलं असतं तर त्यांना धड सांगता आलं नसतं. कारण त्यांच्या पुढे कायम मास्तरांची पाठ असायची.

मास्तर म्हणजे मावशींचे यजमान. पुलापलीकडच्या चष्म्याच्या कारखान्यात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम त्यांनी उभा जन्म केलं, म्हणून सगळे त्यांना भिंगमास्तर म्हणत. मावशी त्याच बाजूच्या इस्पितळाच्या धुलाईघरात फाटक्या चादरी, अभ्रे आणि डॉक्टरांचे झगे दुरुस्त करायच्या. धुऊन आलेली चादर दोन्ही हातांनी उजेडासमोर धरायची, भोक दिसलं की तिथे खूण करायची आणि मशीनवर घ्यायची. सुईच्या टोकाएवढं भोकही त्यांच्या तावडीतून सुटत नसे, आणि याचा त्यांना जरा जास्तच अभिमान होता. नवरा-बायको दोघंही नजरेच्या जोरावर पोट भरणारी माणसं. म्हणून तर पुढे जे झालं ते दोघांच्याही जिव्हारी लागलं.

सायकल मावशी लग्नानंतर शिकल्या. मास्तरांनीच शिकवली, सीट धरून मागे धावत, धापा टाकत आणि "हँडलकडे बघू नकोस गं, समोर बघ!" असं ओरडत. नोकरी लागली त्याच थंडीत मावशी टाकीजवळच्या खड्ड्यात अशा आपटल्या की मनगट मोडलं. प्लास्टर निघेपर्यंत स्वयंपाक मास्तरांनी केला. मनगटापेक्षा पोटच जास्त दुखलं, असं मावशी अजून लेकीला फोनवर सांगतात. प्लास्टर निघालं त्या दिवशी मास्तरांनी फर्मान काढलं.

"आजपासून मी पुढे, तू मागे. रस्ता मी बघतो. मी ओरडेन तसं तू वळायचं."

मावशींनी मान डोलावली. लग्नानंतर त्यांनी वाद न घालता मानलेली ही बहुधा एकमेव गोष्ट.

नुसतं "खड्डा, खड्डा" ओरडून मास्तर थोड्याच दिवसांत कंटाळले आणि त्यांनी खड्ड्यांना नावं ठेवली. मनगट मोडणारा तो टाकीजवळचा खड्डा म्हणजे आत्याबाई. रुंद, वाटेत ठाण मांडून बसलेल्या, हलायचं नाव न घेणाऱ्या. मास्तरांच्या सख्ख्या आत्या तशाच होत्या म्हणे. पुढे दोन खड्डे अगदी शेजारी-शेजारी, मधल्या बोटभर डांबरावरून भांडत असल्यासारखे, त्या जावा-जावा. शाळेपुढचा गतिरोधक कोणी बोलावलं नसताना एका रात्रीत येऊन बसला, तो मेव्हणा. "माझ्या भावाला मध्ये आणू नका," असं मावशी बजावायच्या, पण मागून ऐकतो कोण? पुलाच्या तोंडाशी एक लोखंडी पट्टी होती, एरवी गुळगुळीत आणि पावसात घात करणारी. ती नणंदबाई. हे नाव मात्र मावशींनी ठेवलं होतं, आणि मास्तरांना ते चालवून घ्यावं लागलं.

मग रोज सकाळी आरोळ्या सुरू व्हायच्या. "आत्याबाई आल्या, उजवीकडून!" "जावा-जावा, मधून नको!" उन्हाळ्यात डांबर पाघळून टायरला चिकटायचं आणि चाकं चटचट वाजायची. पावसात आत्याबाई काठोकाठ भरून सपाट रस्त्याचं सोंग घ्यायच्या. थंडीत ब्रेकवर बोटं आखडायची. पुलावर वारा बाजूने असा ढकलायचा की दोघंही तिरके होऊन सायकल सरळ चालवायचे. या सगळ्यात मावशींचे डोळे मास्तरांच्या पाठीवर असायचे. ते वाकले की या वाकायच्या, ते थांबले की या थांबायच्या. ती पाठ त्यांना तोंडपाठ होती. मान आखडलेली दिसली की काल कारखान्यात कोणाशी तरी वाजलंय, खांदे पडलेले दिसले की रात्री झोप नाही. समोरून बघितल्यावर मास्तर थापा मारत. पाठीमागून कधी मारता आल्या नाहीत.

गेल्या थंडीत एका सकाळी धुकं इतकं दाट पडलं की टाकीच्या अलीकडेच सायकलवाले पाय टेकवून नुसतेच उभे राहिले. मास्तर आले, थांबले आणि म्हणाले, "चला, माझ्या मागे या." घंटी वाजवत, एकेक नातेवाईक पुकारत त्यांनी सगळी रांग पुलापलीकडे नेली. पलीकडे पोचल्यावर लोकांनी पाठ थोपटली. कोणीतरी विचारलं, "मास्तर, तुम्हाला या धुक्यात दिसतं तरी कसं?"

"दिसायला कशाला पाहिजे?" मास्तर म्हणाले, आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते शीळ घालत होते. मावशींनाही भारी कौतुक वाटलं. आता तो दिवस आठवला की त्यांच्या काळजात चर्र होतं.

थंडी सरली. उन्हं तापायला लागली तेव्हा धुलाईघरातली इस्त्रीवाली एके सकाळी तणतणत आत आली. वयाने मावशींच्या लेकीएवढी, स्कूटरवरून येणारी, तोंडाला फाटक नसलेली पोरगी. डबा आपटून ती म्हणाली, "मावशी, एक विचारू? तुमचे मास्तर रोज कोणाच्या आत्याला हाका मारतात?"

मावशींनी हसून खड्ड्याची सगळी गोष्ट सांगितली. इस्त्रीवाली हसली नाही.

"कुठला खड्डा? टाकीजवळचा? तो तर कधीच बुजवला. महिना झाला असेल."

"काहीतरीच काय?"

"काहीतरीच नाही. सपाट रस्ता आहे आणि तुम्ही दोघं मध्येच गर्रकन उजवीकडे! मी मागेच होते आज. माझा ब्रेक लागला म्हणून वाचलात. माझ्या मागे ट्रक होता. त्याचा लागला असता का, विचारा त्यालाच."

त्या दिवशी मावशींच्या हातून एक अभ्रा उलटा शिवला गेला. संध्याकाळी घरी आल्यावर दूध आणायचं निमित्त काढून त्या चालत टाकीपाशी गेल्या. आत्याबाई नव्हत्या. तिथे डांबराचं एक चौकोनी ठिगळ होतं, नीट दाबून बसवलेलं, धुळीने बाकीच्या रस्त्यासारखंच करडं झालेलं. मावशींनी त्यावर चप्पल घासून बघितली. जिला चादरीतलं सुईएवढं भोक दिसतं, तिला भररस्त्यातलं एवढं मोठं ठिगळ महिनाभर दिसलं नव्हतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. आपण डोळे उघडे ठेवून, शहाण्यासारखं, रिकाम्या जागेला वळसा घालत होतो.

मग दुसरा विचार आला. आपण बघत नव्हतो, ठीक आहे. बघायचं काम आपलं नव्हतंच. पण ज्यांचं होतं, त्यांना का दिसलं नाही?

सवय असेल, असं मनाला समजावत त्या घरी आल्या. दूध आणायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी पुलावर वारा सुटला होता. मावशींनी आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. जोर लावून त्या पुढे आल्या आणि मास्तरांच्या डाव्या बाजूला, अगदी हँडलला हँडल लावून चालवू लागल्या. त्यांच्या साखळीला तेल मास्तरच घालायचे, त्यामुळे आवाजाचा प्रश्नच नव्हता. मास्तर समोर बघत होते. आता वळतील, आता दचकतील, आता ओरडतील की "मागे हो!" काहीच नाही. जरा वेळाने त्यांनी मान उजव्या खांद्यावरून मागे वळवली आणि मागच्या मोकळ्या रस्त्याला मोठ्याने सांगितलं, "वारा फार आहे गं! हळू ये!"

मावशी त्यांच्या कोपराजवळ होत्या. हात लांब केला असता तर बाही धरता आली असती. त्यांनी वेग कमी केला, मागे आपल्या जागी गेल्या आणि म्हणाल्या, "हो, येतेय." पुलाचा उरलेला भाग त्यांना धूसर दिसला, आणि त्यात वाऱ्याचा काही दोष नव्हता.

पूल उतरल्यावर कडेला एक नवा फलक लावलेला होता. मास्तर पुढे निघून गेले होते. मावशींनी थांबून वाचला. जलवाहिनीच्या कामासाठी येत्या सोमवारपासून टाकी ते पूल रस्ता खोदणार. म्हणजे जिथे आजवर रस्ता होता तिथे चर येणार, जिथे वळायचं तिथे मातीचे ढीग येणार. पाठ केलेल्या रस्त्यावर मास्तर कितीही वर्षं चालवतील. पण सोमवारी तो रस्ताच उरणार नव्हता.

सरळ सांगून टाकायचं, तर मास्तरांचा स्वभाव आडवा यायचा. साधी सर्दी झाली तरी ते "हवेत धूळ आहे" म्हणायचे. मावशींनी युक्ती केली. जेवताना हळूच म्हणाल्या, "अहो, मला हल्ली डोळ्यांनी बरोबर दिसत नाही. डॉक्टरांकडे जाऊ या का दोघं?"

"डॉक्टर कशाला? मी मेलोय का?" मास्तर उत्साहाने उठले. त्यांनी अक्षरांचा तक्ता भिंतीला लावला, मावशींना खुर्चीत बसवलं, एकेक भिंग डोळ्यापुढे धरलं आणि शेवटी जाहीर केलं, "नंबर तोच आहे. डोळे ठणठणीत. तुला उगाच काळज्या करायची खोड आहे." मग मावशींचा चष्मा पुसून, त्याचा सैल झालेला स्क्रू आवळून त्यांनी तो परत दिला. एवढासा स्क्रू, पण पहिल्या फटक्यात बसवला. समोरचं त्यांना सगळं दिसत होतं. मावशींनी कपाळाला हात लावला.

रविवारी सकाळी रस्ता रिकामा असतो. "चला, पाय मोकळे करून येऊ," म्हणून मावशींनी मास्तरांना चालत टाकीपाशी नेलं. काय बोलायचं ते रात्रभर ठरवलं होतं, आणि तिथे पोचल्यावर त्यातलं काही आठवेना.

"आत्याबाई कुठे आहेत, दाखवा बरं," त्या एवढंच म्हणाल्या.

"हे काय नवीन? या काय, इथे." खाली न बघताच मास्तरांनी बोट दाखवलं. "सांभाळ, परत मनगट मोडशील."

"त्यात उभे राहा."

"वेड लागलंय का तुला?"

"राहा तर खरं. माझ्यासाठी."

मास्तरांनी मान हलवली आणि बायकोच्या लहरीला शरण गेल्यासारखं पाऊल पुढे टाकलं. पाऊल खोलात उतरायच्या बेताने गेलं होतं. जमीन आधीच लागली. ते जोरात हादरले, मावशींनी दंड धरला म्हणून तोल राहिला. मग त्यांनी मान पार खाली घातली, डोकं इकडून तिकडे फिरवलं आणि खाली बसून डांबराच्या सांध्यावरून अंगठा फिरवला, काचेची कड तपासावी तसा.

"कधी बुजवला?"

"महिना झाला म्हणे."

"म्हणे? तुला माहीत नव्हतं?"

"नाही. मीही वळत होते ना तुमच्यामागे."

"तुझे डोळे तर चांगले आहेत. मी परवाच तपासलेत."

"हो," मावशी म्हणाल्या.

मास्तरांचा अंगठा पुन्हा सांध्यावर गेला. एक सायकलवाला त्यांच्यावरून नजर फिरवत निघून गेला. "आणि माझे?" त्यांनी विचारलं.

मावशींनी सांगितलं. पुलावर त्या कोणत्या बाजूला होत्या, किती जवळ होत्या, आणि ते कोणाला हळू यायला सांगत होते. काही लपवलं नाही. ऐकता ऐकता मास्तर रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले. आपण कोणाला तरी हाताने मारलं, असं मावशींना वाटलं, आणि तसं वाटत असतानाही त्या सांगत राहिल्या, कारण सोमवार उद्यावर आला होता.

"कारखान्यात बोलू नकोस," मास्तर शेवटी म्हणाले. "काचा घासणाऱ्यालाच दिसत नाही म्हटल्यावर लोक हसतील."

"हसू देत. हसणाऱ्याला मी बघून घेते."

सोमवारी दोघांनी रजा टाकली आणि डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी मास्तरांना एका यंत्रात हनुवटी ठेवायला लावली आणि हातात एक बटण दिलं. ठिपका चमकला की दाबायचं. मावशी भिंतीपाशी बसून ऐकत होत्या. बटण वाजायचं, मग बराच वेळ वाजायचं नाही. त्या शांततेत कितीतरी ठिपके येऊन गेले असतील.

"काचबिंदू आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यात नजर कडेने जाते, हळूहळू. मधलं शाबूत असतं, म्हणून कळत नाही. जिथे दिसत नाही तिथे मेंदू आपल्या पदरचं काहीतरी भरून घेतो. गेलेलं परत येणार नाही, काका. उरलेलं थेंब घालून सांभाळू. टेबलावरचं काम खुशाल करा. रस्त्यावर सायकल मात्र नको."

"सुट्टीच्या दिवशी? मैदानात?" मास्तरांनी विचारलं.

"मैदानात चालेल."

बाहेर आल्यावर मावशी म्हणाल्या, "उद्यापासून मीही बसने येते तुमच्याबरोबर."

"तू का? तुला काय झालंय?" मास्तर इतके चिडले की त्यांच्या मानेची शीर दिसली. "तू सायकलनेच जायचं."

म्हणून मंगळवारी मावशी पहिल्यांदा एकट्या निघाल्या. मास्तर बस थांब्यावर उभे होते. त्यांनी हात केला नाही, मावशींनीही केला नाही. समोर पाठ नव्हती. नुसता रस्ता होता, आणि तो भलताच रुंद वाटत होता. टाकीच्या पुढे एक बाजू खोदून काढलेली, फळ्या टाकलेल्या, काठ्यांना लाल फडकी बांधलेली. मावशी कुठे उतरल्या, कुठे चालत गेल्या, कुठे एका पायाने ढकलत. एका मातीच्या ढिगात चाक रुतलं, तेव्हा त्यांनी स्वतःलाच एक शिवी हासडली. पण पडल्या नाहीत.

आणि न पडता जाताना त्यांना दिसायला लागलं. डाव्या हाताला लाकडाची वखार होती. तिचा वास त्यांना रोज यायचा, पण वखार आहे हे माहीत नव्हतं. एका खिडकीत एक म्हातारा दाढी करत होता. पुलावर मधोमध त्या दम खायला थांबल्या आणि कठड्यावरून खाली बघितलं. नदीच्या मधे एक लहानसं बेट होतं, त्यावर एकच झाड, आणि झाडावर पांढरे पक्षी दाटीवाटीने बसलेले. इतकी वर्षं त्या यावरून रोज दोनदा गेल्या होत्या. मावशींना बरं वाटलं. आज तरी बरं वाटायला नको होतं, पण वाटलं, आणि त्याची टोचणी दिवसभर सुईसारखी लागत राहिली.

संध्याकाळी मास्तर आधी घरी पोचले होते. बसमध्ये कोणीतरी त्यांच्या पायावर पाय दिला होता. ते पुराण आटोपल्यावर मावशींनी त्यांना पलंगावर आडवं केलं आणि थेंबांची बाटली उघडली. मास्तरांनी डोळे मिटून घेतले होते.

"कसा होता रस्ता?" त्यांनी विचारलं.

त्यांना काय ऐकायचं होतं ते मावशींना कळत होतं. फार वाईट होता, तुमच्याशिवाय जमत नाही, असं म्हटलं असतं तर माणूस सुखाने झोपला असता. त्यांनी ते म्हणून बघायचा प्रयत्नही केला.

"चांगला होता," त्या म्हणाल्या. "पुलाखाली नदीत एक बेट आहे, माहितीये? त्यावर झाड आहे, केवढे पक्षी बसलेले! तुम्ही कधी सांगितलंच नाहीत."

"बेट?" मास्तरांनी डोळे मिटलेलेच ठेवले. "मला कुठलं दिसणार बेट? माझे डोळे सगळा वेळ तुझ्या खड्ड्यांवर."

ते हे तक्रार म्हणून बोलले नव्हते. सहज बोलले होते, मीठ कमी आहे म्हणावं तसं. मावशींचा नेम चुकला आणि थेंब मास्तरांच्या गालावर पडला.

"नीट बघून घाल गं," मास्तर म्हणाले.

मावशींनी पदराने त्यांचा गाल पुसला. मग स्वतःचाही पुसला. "रविवारी चालत जाऊ पुलावर," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला बरोबर जागेवर उभं करते. अगदी सरळ समोर आहे ते. तुम्हाला दिसेल."